थांबायचे पैसे: डिंगलच्या किनाऱ्यावर खासगी गाईडबरोबर एक दिवस

आई-बाबा पहिल्यांदा आयर्लंडला आले तेव्हा मी मोठ्या हौसेने एकाच दिवसात रिंग ऑफ केरीचा रस्ता ज्याला फेरा घालतो ते आणि डिंगल अशी दोन्ही द्वीपकल्पं कोंबली होती. नकाशावर ती हाताच्या दोन बोटांसारखी शेजारी शेजारी दिसतात ना, तेवढ्यावर मी भुललो. गाडी मीच चालवली. एकट्या रिंग ऑफ केरीचा फेरा १७९ किलोमीटरचा आहे हे वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. रात्री उशिरा मुक्कामी पोचलो तेव्हा बाबा म्हणाले, "फार सुंदर होतं रे. पण आपण उतरलो कुठे?"

दोन वर्षांनी ते परत आले. या वेळी फक्त डिंगल ठरवलं, गाडीसकट गाईड घेतला आणि दिवसभरात अकरा वेळा थांबलो. प्रायव्हेट टूरला जे जास्तीचे पैसे पडतात ते या थांबण्याचे. नुसतं पळायचं असेल तर बसचं तिकीट पुष्कळ झालं. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

१. आधी किनारा ठरवा, मग व्हिसा बघा

आयर्लंडचा पश्चिम किनारा लांबच लांब आहे आणि एका दिवसात त्याचा एकच तुकडा बघून होतो. क्लेअर परगण्यातले मोहरचे कडे सगळ्यांना ठाऊक असतात. सर्वांत उंच ठिकाणी ते २१४ मीटर आहेत, आणि गॉलवे किंवा लिमरिकहून सोयीचे पडतात. पण तिथे एक मोठं पार्किंग, एक पर्यटक केंद्र आणि ठरलेली पायवाट असा मामला आहे. बसने गेलात तरी फारसं काही हुकत नाही. केरी परगण्यातल्या डिंगलचं उलटं आहे. तिथे बघण्यासारखं जे आहे ते अरुंद रस्त्याच्या कडेला, कुणाच्या तरी शेतात, पाटी नसलेल्या वळणावर विखुरलेलं आहे. गाईडवर खर्च करायचा तर अशा ठिकाणी करावा असं माझं मत.

व्हिसाचं थोडक्यात. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. युरोपच्या सहलीचा शेंगेन व्हिसा हातात आहे म्हणून भारतीय पासपोर्टवर डब्लिनला उतरता येत नाही, आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि जायंट्स कॉजवे या दगडी खांबांच्या प्रसिद्ध जागेचा जो उत्तरेकडचा किनारा आहे तो ब्रिटनच्या हद्दीत येतो. वाटेत सरहद्दीवर कुणी अडवत नाही, तरी कागद लागतातच. भारतीयांसाठी दोन्ही देश मिळून चालणाऱ्या व्हिसाची एक योजना आहे, पण तिच्यात आधी कुठल्या देशात शिरायचं याला नियम आहे. तो अर्ज भरतानाच वाचून घ्या.

२. मुक्काम डब्लिनला ठेवू नका

ही चूक सर्रास होते. डब्लिनहून डिंगलला गाडीने साडेचार तासांच्या आसपास लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन नऊ तास हायवे बघायचा आणि समुद्र दोन तास. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून रेल्वेने किलार्नीला या, साधारण सव्वातीन तास लागतात. बहुतेक गाड्यांना मध्ये मॅलोला बदलावं लागतं. किलार्नीला दोन रात्री राहा. तिथून डिंगल सुमारे ६५ किलोमीटर, सव्वा तासावर. ट्रली हे गाव आणखी जवळ. डिंगल गावातच राहायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या महिनोन् महिने आधी भरतात.

आता कुणी विचारेल, इथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, मग गाडी भाड्याने घेऊन स्वतःच का जाऊ नये? जा की. फक्त जो चालवेल त्याला किनारा दिसणार नाही एवढं धरून चाला. डाव्या हाताला दगडी गडगा, उजवीकडून पर्यटकांची बस, आणि रस्ता असा की दोघांपैकी एकाला मागे घ्यावंच लागतं. पहिल्या खेपेला मला डिंगलचं जे काही आठवतं, ते त्या गडग्याचे दगड.

३. गाईड निवडताना

'प्रायव्हेट' हा शब्द फार ढिला आहे. कुणी त्याखाली फक्त चालक देतं. चांगली गाडी, काळा कोट, दार उघडून धरणार, पण गॅलरसचं जुनं दगडी प्रार्थनागृह म्हणजे काय असं विचारलंत तर गप्प. तुम्हाला हवा तो ड्रायव्हर-गाईड, म्हणजे गाडी चालवणारा आणि सांगणारा माणूस एकच. त्यातही तो त्या भागातला असावा. आमचा गाईड डिंगलजवळच्या वेंट्री गावच्या शाळेत शिकलेला. त्यामुळे कुठल्या शेतकऱ्याचं कुत्रं भुंकतं आणि कुठलं चावतं हेही त्याला ठाऊक होतं.

कागदोपत्री दोन गोष्टी बघा. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या छोट्या गाडीला राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि चालकाला गार्डांचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा, वेगळा. शिवाय फॉल्चा आयर्लंड या सरकारी पर्यटन संस्थेने मान्यता दिलेल्या गाईडकडे बॅज असतो. बॅज नसलेला गाईड वाईटच असं नाही, पण अनोळखी माणसाशी इमेलवर व्यवहार करताना तेवढाच आधार.

मग इमेल लिहा. फोनवर ठरलं तरी शेवटी लेखी मागा. मी विचारतो ते असं: गाडीत फक्त आम्हीच ना? दर गाडीमागे की माणशी? किती तास, आणि वर वेळ गेली तर काय? प्रवेश शुल्क धरलंय का? हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत, की दुसरी तारीख? कुठून घेणार, कुठे सोडणार? लहान मुलं असतील तर वय आणि वजन कळवा, म्हणजे योग्य सीट घेऊन येतील. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर तेही आत्ताच सांगा, लाजू नका. उंच व्हॅनमध्ये चढायला पायरी आहे का, हा प्रश्न मी आईसाठी विचारला होता. गाईडने पायरीचा फोटोच पाठवला, तेव्हाच मला वाटलं की माणूस कामाचा आहे.

दर बहुधा गाडीमागे असतो. म्हणून दोघांना तो अंगावर येतो आणि सहा जणांत वाटला की बसच्या तिकिटाच्या बराच जवळ जातो. दुसरं एखादं मराठी कुटुंब बरोबर घ्यायचं असेल तर घ्या, पण ज्यांच्याबरोबर तुमचं थांबण्याचं गणित जमतं असंच. दर वळणावर 'चला चला' करणारा एक जण पुरे होतो.

गाडीचा आकारही विचारून घ्या. डिंगलला उत्तरेकडून येणारा कॉनर पास हा आयर्लंडमधल्या सर्वांत उंच घाटांपैकी एक. कड्यात कोरलेला एका गाडीपुरता रस्ता, आणि दोन टनांवरच्या गाड्यांना तिथे मनाई. मोठी व्हॅन घेतलीत की हा घाट गेला. चार जण असाल तर साधी मोटार मागा आणि घाट पदरात पाडून घ्या.

४. काय घालायचं

पश्चिम किनाऱ्यावर काही भागांत वर्षातले सव्वादोनशे दिवस तरी पाऊस असतो. कोकणातला पाऊस डोक्यात असेल तर तो काढून टाका. इथला पाऊस कोसळत नाही, आडवा येतो आणि वीस मिनिटांत निघून जातो. पुन्हा येतो. छत्री हॉटेलवर ठेवा, ती पहिल्या वळणावरच उलटी होते. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट, आत दोन-तीन पातळ थर, आणि तळवा न घसरणारे बूट. सुती मोजे एक जोडी जास्त. पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी मात्र गाडीत. आईची ओढणी कुमीनूलच्या किनाऱ्याच्या वर वाऱ्याने उचलली ती थेट काटेरी जाळीत. काढता काढता गाईडची दोन बोटं रक्ताळली आणि तरी तो म्हणत होता, छान कोवळा दिवस आहे. झिमझिम पावसाळी दिवसाला इथे 'सॉफ्ट डे' म्हणतात.

आदल्या रात्री मेट एरन या हवामान खात्याचे इशारे बघा. ते पिवळे, नारिंगी आणि लाल असतात. पिवळ्यात बहुतेकदा जाता येतं, नारिंगी असेल तर गाईडचं ऐका, लाल असेल तर घरी बसा. ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची.

५. दिवस कसा लावायचा

स्ले हेड या टोकावरून जाणारा रस्त्याचा फेरा डिंगल गावातून निघून डिंगललाच परत येतो. ४७ किलोमीटर. न थांबता दीड तासात होईल, पण तुम्ही किमान पाच तास ठेवा. बसगाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातात, म्हणून सगळे तसेच जातात. त्या दिशेने समुद्र डाव्या हाताला येतो. घरात ज्याला सर्वांत जास्त हौस आहे त्याला डावीकडची खिडकी द्या. पुढची डावी सीट सर्वांत उत्तम, तिच्यावरून आमच्याकडे भांडण झालं.

निघायची वेळ दोनांपैकी एक. नऊच्या आत डिंगल सोडा, म्हणजे किलार्नीच्या बसगाड्या मागे राहतात. किंवा जूनमध्ये दुपारी तीनला सुरू करा, कारण तेव्हा इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि संध्याकाळी रस्ते मोकळे होतात. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार होतो, तेव्हा दुसरा पर्याय विसरा.

गाव सोडलं की पाट्या बदलतात. हा गेलटाख्त आहे, म्हणजे आयरिश भाषा रोजच्या वापरात असलेला प्रदेश, आणि गावांची नावं फक्त आयरिशमध्ये. डिंगल शोधत असाल तर पाटीवर 'अन डँगन' असू शकेल. गाईड असताना याची चिंता नाही, पण स्वच्छतागृहाच्या दाराशी तो नसतो. दारावर 'फिर' असेल तर पुरुषांचं आणि 'म्ना' असेल तर बायकांचं. इंग्रजी अक्षरांत बघितलं तर पुरुषांच्या दारावर एफ आणि बायकांच्या दारावर एम. बाबा एम बघून आत्मविश्वासाने शिरले. तेवढ्याच आत्मविश्वासाने बाहेर आले.

वेंट्रीची लांब वाळू मागे पडली की फाहनच्या उतारावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या लागतात. त्या खासगी शेतात आहेत, दारात बसलेल्या माणसाला दोन-चार युरो द्यायचे. रोख जवळ ठेवा, कार्ड चालेलच असं नाही. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर बंद करा. मेंढरांच्या पाठीवर निळे-लाल रंगाचे फटके दिसतील, ती मालकाची खूण. थोडं पुढे एक ओढा सरळ रस्त्यावरून वाहतो. पूल नाही, गाडी पाण्यातून जाते. आईला खिडकी उघडून ते पाणी बघायचं होतं. गाईडने गाडी थांबवली, मागे कुणी नाही बघून घेतलं, मागे घेतली आणि पुन्हा एकदा हळू पाण्यातून काढली. बसमध्ये हे कोण करणार?

स्ले हेडच्या वळणावर पांढऱ्या पुतळ्यांचा क्रूस आहे. तिथे थांबायला जागा थोडी आणि गर्दी जास्त, म्हणून फोटो काढून पुढे सरका. वेळ कुमीनूलला द्या. खाली छोटी वाळू, दोन्ही बाजूंनी काळे खडक आणि आत खेचणारा समुद्र. पोहू नका, घोट्यापर्यंतही सांभाळून. भरती असेल तर वाळू दिसतच नाही, म्हणून ओहोटीची वेळ गाईडला आधीच विचारा. शेजारी डनमोर हेड, आयर्लंडच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. चढून जायला-यायला तासभर धरा. वर एक ओगम दगड उभा आहे. कडेवर आडव्यातिरप्या रेघोट्या, खालून वर वाचायच्या. आयरिश भाषेचं सर्वांत जुनं लिखाण ते हेच. कठडा कुठेही नाही, आणि वारा पाठीमागून येईल की पुढून हे सांगता येत नाही. सेल्फी काढायचीच तर बसून काढा.

इथून समोर ब्लास्केट बेटं दिसतात. त्यातलं एक पाठीवर निजलेल्या माणसासारखं आहे, कपाळ, नाक, पोटावर हात. पर्यटकांना निजलेला राक्षस म्हणून दाखवतात, आयरिशमध्ये त्याला सरळ 'मेलेला माणूस' म्हणतात. मोठ्या ब्लास्केटवर १९५३ पर्यंत वस्ती होती. त्याआधी १९४६-४७ च्या हिवाळ्यात तिथला एक तरुण मेंदूज्वराने गेला. समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचूच शकला नाही. तरुण माणसं आधीच अमेरिकेला जात होती. शेवटी १७ नोव्हेंबर १९५३ ला उरलेल्या बावीस जणांना हलवायचं ठरलं. हे सगळं समोरच्या डनक्विन गावातल्या ब्लास्केट सेंटरमध्ये नीट मांडलंय. तिथे निदान एक तास द्या. हिवाळ्यात ते बंद असतं.

पेग सेअर्सचं नाव तिथे येईल. १८७३ साली डनक्विनला जन्मलेली, लग्न करून बेटावर गेलेली बाई. आयरिशमध्ये तिला लिहिता येत नव्हतं, तिने आयुष्य तोंडी सांगितलं आणि कवी असलेल्या मुलाने ते उतरवून घेतलं. हे ऐकताना आई मध्येच म्हणाली, "म्हणजे बहिणाबाई आणि सोपानदेव!" गाईडला मग बहिणाबाई समजावून सांगण्यात माझी पंधरा मिनिटं गेली, आणि सबंध दिवसात त्याने वहीत लिहून घेतलेलं नाव तेवढं एकच. त्याची तक्रार मात्र वेगळी होती. पेग शाळेत सक्तीची असल्यामुळे त्याच्या अख्ख्या पिढीने तिचा राग राग केला.

बेटावर बोटीने जायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. बोटी फक्त उन्हाळी मोसमात, समुद्राची मर्जी असेल तर, आणि उतरताना छोट्या होडीत पाय टाकावा लागतो. गाईडच्या दिवसात हे बसवलंत की बाकी सगळं सांडतं.

शेवटी गॅलरसचं छोटं प्रार्थनागृह, उलटी ठेवलेली होडी वाटावं असं. मुद्दाम शेवटी ठेवा, कारण दुपारी चारनंतर बसगाड्या परतलेल्या असतात. नुसते दगडावर दगड, चुना नाही, आणि एवढी शतकं आत पाणी गळत नाही. बांधलं कधी यावर जाणकारांचं एकमत नाही. बाबा आत जाऊन भिंतीवरून तळहात फिरवत राहिले आणि म्हणाले, "चुन्याशिवाय? मग हे हेमाडपंतीच की!" वास्तू सरकारी देखभालीत आहे आणि बाजूच्या वाटेने फुकट बघता येते. शेजारचं पार्किंग आणि केंद्र खासगी, त्याचे पैसे पडतात. कुठल्या वाटेने नेणार ते गाईडला विचारा. किलमाल्केडरचं बाराव्या शतकातलं पडकं चर्च जवळच आहे. दमला असाल तर सोडा.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर रस्त्याच्या दोन्ही कुंपणांना लालजांभळी लोंबती फुलं असतील. ती फ्यूशिया. आयरिशमध्ये तिला 'देवाचे अश्रू' म्हणतात.

६. गाईडशी बोला

इथे गप्पा मारणं हा दिवसाचा भाग आहे. 'दिया ग्विच' म्हणजे नमस्कार, 'गुरा मह अगत' म्हणजे धन्यवाद. एवढं म्हणालात तरी चेहरा खुलतो. आम्ही महाराष्ट्राचे म्हटल्यावर गाईडने लगेच लिओ वराडकरांचा विषय काढला. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या वराडकरांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. मालवण आणि डिंगल यांत मासे कुठले चांगले यावर बाबांचा आणि त्याचा वाद परतीच्या वाटेवरच्या 'इंच' नावाच्या किनाऱ्यापर्यंत चालला. निकाल लागला नाही.

७. खाणं

मासे खाणाऱ्यांची डिंगलमध्ये चंगळ आहे. शाकाहारी असाल तर गाईडला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे तो जागा हेरून ठेवेल. भाजीचं सूप दिसलं तरी त्याचं पाणी मांसाचं नाही ना, हे विचारा. चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तेही विचारा. बिनधास्त विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. फेऱ्यात खायची ठिकाणं मोजकी, म्हणून धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असाव्यात. मात्र भारतातून येताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ बॅगेत आणायला बंदी आहे. तुपाची बरणी घरीच ठेवा. आणि गाईडलाही जेवायला अर्धा तास द्या, तो सकाळपासून त्या वळणांवर गाडी हाकतोय.

८. परतताना

संध्याकाळची रेल्वे पकडायची असेल तर दोन तासांची फट ठेवा. रस्त्यात ट्रॅक्टर लागला की त्याच्या मागे सात किलोमीटर जावं लागतं, आणि तो बाजूला होईपर्यंत हॉर्न वाजवायचा नसतो. टिप सक्तीची नाही. दिवस आवडला तर दहा टक्क्यांच्या आसपास देतात, रोख, उतरताना, हातात.

उतरण्याआधी सीटखाली एकदा हात फिरवा. बाबांचा वाचायचा चष्मा तिथेच राहिला होता. आठ दिवसांनी पोस्टाने आला, आणि पाकिटात त्याच्याबरोबर काटेरी जाळीत अडकलेल्या ओढणीचा एक हिरवा तुकडाही होता.